फ्लॅग पडल्यावर पालकांनी काय करावे?

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून ओहायोमध्ये राहतो. आमचा मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात बचावफळीत खेळतो. मागच्या शुक्रवारच्या सामन्यात समोरच्या खेळाडूने त्याला जर्सीला धरून ठेवल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले, पण पंचांनी दखल घेतली नाही. नंतर चौथ्या क्वार्टरमध्ये स्नॅपच्या, म्हणजे डाव सुरू करताना चेंडू मागे देण्याच्या, आधी आमच्या मुलाचे पाऊल रेषेपलीकडे गेले. तो लगेच मागे सरकला, कोणाला त्याचा स्पर्शही झाला नाही, तरी पंचांनी फाउलचा फ्लॅग टाकला. पेनल्टीच्या त्या पाच यार्डांमुळे समोरच्या संघाला फर्स्ट डाउन, म्हणजे पुढे सरकण्यासाठी नव्याने चार प्रयत्न, मिळाले आणि आम्ही हरलो. टीव्हीवरच्या सामन्यांत तर असे मागे सरकता येते. सामन्यानंतर माझ्या यजमानांनी पंचांना वाहनतळावर गाठून मोठ्या आवाजात जाब विचारला. पुढचे दोन सामने त्यांनी मैदानावर येऊ नये, असे शाळेने कळवले आहे. मुलगा वडिलांशी बोलत नाही. राज्य संघटनेकडे तक्रार करावी का?

उत्तर : ताई, तक्रार करू नका. एका फ्लॅगबाबत पंच बरोबर होते. दुसऱ्या प्रसंगाबाबत ते चुकले असणे शक्य आहे, पण ती चूक तक्रारीने सुधारता येईल अशा प्रकारची नाही. या दोन गोष्टींतला फरक तुमच्या घरात सर्वांना नीट समजला, तर मुलाशी तुटलेला संवाद पुन्हा सुरू होण्याची शक्यता मला अधिक वाटते, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

आधी पाऊल पलीकडे गेल्याचा प्रसंग पाहू. तुमचे यजमान रविवारी टीव्हीवर जे फुटबॉल पाहतात ते व्यावसायिक आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. शालेय फुटबॉलचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स हा महासंघ तयार करतो. त्याची स्थापना १९२० मध्ये झाली असून मुख्यालय इंडियानापोलिसला आहे, आणि ओहायोसह बहुतेक राज्ये त्याचेच नियम पाळतात. टेक्सास हा ठळक अपवाद आहे, कारण तेथील शालेय सामने महाविद्यालयीन नियमांच्या आधारे खेळले जातात. महासंघाच्या नियमानुसार, स्नॅप करणाऱ्या खेळाडूने चेंडूवर हात ठेवल्यानंतर दोन संघांमधल्या चेंडूच्या लांबीएवढ्या पट्टीत, म्हणजे न्यूट्रल झोनमध्ये, दुसऱ्या कोणाचेही शरीर शिरले की त्याच क्षणी एन्क्रोचमेंटचा फाउल होतो. पंच लगेच शिट्टी वाजवतात, खेळ सुरूच होत नाही आणि पाच यार्डांची पेनल्टी लागते. व्यावसायिक आणि महाविद्यालयीन सामन्यांत बचाव करणारा खेळाडू कोणाला स्पर्श न करता आणि समोरच्याला हलायला भाग न पाडता स्नॅपपूर्वी परतला तर त्याला मुभा मिळते. शालेय सामन्यात ती मुभा नाही. तुमच्या मुलाचे पाऊल पलीकडे गेले, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, तेव्हा पंचांपुढे दुसरा पर्यायच नव्हता.

असे आणखी काही फरक पालकांनी लक्षात ठेवावेत, कारण स्टँडमधला अर्धा आरडाओरडा त्यांच्यामुळेच होतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. शालेय सामन्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याचा गुडघा टेकला की तो डाव तेथेच संपतो, मग त्याला कोणी स्पर्श केलेला असो वा नसो. झेल पूर्ण होण्यासाठी एकच पाय मैदानात टेकणे पुरेसे असते. किकचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपलीकडे गेला की टचबॅक होतो, म्हणजे डाव तेथेच थांबतो, चेंडू तेथून उचलून पळता येत नाही. बचावपटूने पास घेणाऱ्याला नियमबाह्य रीतीने अडवले तर पेनल्टी १५ यार्डांची असते, चेंडू फाउलच्या जागी नेला जात नाही, आणि २०१३ पासून त्यासोबत आपोआप मिळणारा फर्स्ट डाउनही राहिलेला नाही. पास झेलता येण्याजोगा नव्हता, हा टीव्हीवर ऐकू येणारा बचाव शालेय नियमांत चालत नाही.

आता धरून ठेवण्याचा प्रसंग. येथे नियम काय म्हणतो यापेक्षा तो कसा पाहिला जातो, हे महत्त्वाचे आहे. माझ्या मुलाच्या शाळेत दोन मोसम मी बाजूरेषेवर अंतर मोजण्याची दहा यार्डांची साखळी धरण्याचे काम केले. त्या जागेवरून लाइन्समन हाताच्या अंतरावर असतो आणि तो काय पाहतो, काय बोलतो, हे कळते. वरिष्ठ संघांच्या सामन्याला बहुतेक ठिकाणी पाच पंच असतात, काही राज्यांत सात, आणि कनिष्ठ संघांच्या सामन्याला त्याहून कमी. पांढरी टोपी घालणारा रेफरी चढाई करणाऱ्या संघाच्या मागे उभा राहून क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूकडे, पाहतो. पाच जणांच्या रचनेत अंपायर बचावफळीच्या मागे राहून मधल्या धुमश्चक्रीवर नजर ठेवतो. लाइन्समन आणि लाइन जज रेषेच्या दोन टोकांना असतात, तर बॅक जज सर्वांत मागे. मैदानावर २२ खेळाडू असतात, आणि प्रत्येक पंचाने कोणत्या खेळाडूंवर लक्ष ठेवायचे हे आधी ठरलेले असते. आपण पालक चेंडूकडे पाहतो, किंवा खरे तर आपल्या मुलाकडे पाहतो. पंच मात्र बराच वेळ चेंडूकडे पाहतच नाहीत.

शिवाय फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डावात कोणी ना कोणी कोणाला थोडेफार धरलेले असते. प्रत्येक वेळी फ्लॅग टाकायचा म्हटले तर १२ मिनिटांचा क्वार्टर संपणारच नाही. त्यामुळे पंच स्वतःला दोन प्रश्न विचारतात. ज्याला धरले त्याची पळणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची खरी संधी हिरावली गेली का, आणि हे चेंडू जात होता त्या ठिकाणी घडले का? पलीकडच्या टोकाला, डावाशी संबंध नसताना एखाद्याची जर्सी क्षणभर ओढली गेली, तर अनुभवी अंपायर बहुधा फ्लॅग टाकत नाही; तो डाव संपल्यावर त्या मुलाला, ‘हात आत ठेव, पुढच्या वेळी फ्लॅग पडेल,’ असे बजावतो. मी हे कितीतरी वेळा ऐकले आहे. पंच ज्या प्रशिक्षणातून जातात त्यात हेही शिकवले जाते की कृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली असेल तरच फ्लॅग टाकावा, केवळ शेवट पाहून आधी काय झाले असेल याचा अंदाज बांधू नये. तुमच्या मुलाला धरले होते, हे मी नाकारत नाही. अंपायर त्या क्षणी शेजारच्या जोडीकडे पाहत असेल, किंवा त्याने पाहिले असेल आणि त्याच्या मते त्याचा डावावर परिणाम झाला नसेल. यालाच पंचाचा विवेकाधीन निर्णय म्हणतात, आणि त्यावर दाद मागता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण क्रिकेटवर वाढलेले आहेत, म्हणून तुलना करतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय अंपायर फलंदाजाला बाद देत नाही, आणि आता तर आंतरराष्ट्रीय सामन्यांत संघाला निर्णयाचा फेरविचारही मागता येतो. शालेय फुटबॉलमध्ये फ्लॅगसाठी अपील नसते. चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय नियमित मोसमात नसते. २०१९ पासून राज्य संघटनांना ती केवळ मोसमोत्तर सामन्यांत वापरण्याची मोकळीक आहे. मात्र क्रिकेटमध्ये नसलेली एक गोष्ट येथे आहे. ज्या संघाविरुद्ध फाउल झाला, तो पेनल्टी नाकारू शकतो. डावाचा निकाल पेनल्टीपेक्षा फायद्याचा असेल तर कर्णधार ती नाकारतो, आणि ‘फ्लॅग दाखवून पुन्हा खिशात का घातला?’ असे आजी-आजोबा विचारतात त्याचे उत्तर बऱ्याचदा हेच असते.

दाद मागण्याचे एकच दार नियमांनी उघडे ठेवले आहे, आणि ते पालकांसाठी नाही. पंचांनी नियमच चुकीचा लावला, उदाहरणार्थ पाचऐवजी दहा यार्ड मोजले किंवा डाउनची, म्हणजे प्रयत्नांची, संख्या चुकवली, असे मुख्य प्रशिक्षकाला वाटले, तर तो टाइमआउट घेऊन रेफरीशी चर्चा मागू शकतो. ही मागणी पुढचा डाव सुरू होण्यापूर्वी करावी लागते. चूक मान्य झाली तर ती सुधारली जाते आणि टाइमआउट त्याच्या नावे लागत नाही. चूक नसेल तर टाइमआउट खर्ची पडतो. ‘धरले होते की नाही’ हा प्रश्न या चर्चेत विचारता येत नाही, कारण तो नियमाचा नसून पाहण्याचा आहे. तुमच्या संघाच्या प्रशिक्षकाने त्या एन्क्रोचमेंटवर टाइमआउट घेतला नाही, याचे कारण त्याला नियम माहीत होता.

पंच चुकतात, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग सांगतो. आमचा एक मुलगा चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात पळत होता, आणि एका पंचाने तो पडला असे समजून शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की चेंडू मृत होतो, म्हणजे डाव तेथेच थांबतो, चुकून वाजली तरीही. त्या पंचाने क्षणाचाही विलंब न लावता रेफरीकडे जाऊन स्वतःची चूक सांगितली. अशा वेळी चेंडू ज्याच्या ताब्यात होता त्या संघाला निवड मिळते की शिट्टी वाजली त्या जागेवरून पुढे खेळायचे की तो डाव पुन्हा खेळायचा. आमच्या संघाचा टचडाउन, म्हणजे चेंडू गोल रेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण, बहुधा हुकला. साखळी हातात धरून उभा असताना मला संताप आला होता, हे मी मान्य करतो, पण त्या माणसाने भर मैदानात चूक कबूल केली, याचे मोल मला त्या गुणांपेक्षा जास्त वाटले आणि आजही वाटते.

जेथे पंच विवेकाला फारसा वाव देत नाहीत, ते क्षेत्र सुरक्षिततेचे आहे, आणि तेथे आपण त्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले पाहिजे. डोके पुढे करून धडक देण्यावर १९७६ मध्ये बंदी आली ती मानेच्या आणि मेंदूच्या जीवघेण्या दुखापतींमुळे. फेसमास्क नुसता पकडला तर पाच यार्ड, पण तो पिरगाळला किंवा खेचला तर १५ यार्ड, असा फरक नियमातच आहे. मेंदूला मार लागल्याची लक्षणे दिसली तर पंच खेळाडूला ताबडतोब बाहेर पाठवतात आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीच्या परवानगीशिवाय तो परत येऊ शकत नाही. तेव्हा ‘तो ठीक आहे, खेळू द्या,’ असे कोणत्याही आईवडिलांनी म्हणू नये.

याच संदर्भात आपल्या घरांसाठी एक खास सूचना. दागिन्यांना या खेळात मनाई आहे. भिकबाळी, कडे किंवा साखळी सामन्यापूर्वी काढावी लागते. धार्मिक पदक चालते, पण ते चिकटपट्टीने शरीराला बांधून गणवेशाखाली ठेवावे लागते. मनगटावरचा गंडा, कमरेचा करदोटा किंवा जानवे यांबाबत प्रशिक्षकाशी मोसम सुरू होण्यापूर्वीच बोलून घ्या. सर्व खेळाडूंची साधने नियमानुसार आहेत, याची ग्वाही मुख्य प्रशिक्षकाने सामन्यापूर्वी रेफरीला द्यायची असते, आणि तुमच्या मौनामुळे त्याची ग्वाही खोटी ठरू नये.

आता वाहनतळावरच्या प्रसंगाकडे येतो, आणि हे मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे. सामना संपल्याचे रेफरीने जाहीर केले की पंचांचा मैदानावरचा अधिकार संपतो, आणि त्यानंतर ते अंधारात गाडीकडे चालत जाणारे, दिवसभर दुसरे काम करून आलेले नागरिक असतात. २०१८-१९ नंतरच्या काही वर्षांत सर्व खेळांत मिळून सुमारे ५०,००० शालेय पंचांनी काम सोडल्याचे राष्ट्रीय महासंघाने सांगितले होते, आणि प्रेक्षकांतील पालकांचे वर्तन हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते. पंच मिळत नाहीत म्हणून अनेक भागांत शुक्रवारचे सामने गुरुवारी घ्यावे लागतात. तुमच्या यजमानांचा राग मुलावरच्या मायेतून आला, हे मला समजते. पण त्यांच्या मुलाला सोमवारी त्याच संघासमोर, त्याच प्रशिक्षकासमोर उभे राहावे लागले.

म्हणून असे करा. यजमानांनी शाळेच्या क्रीडा संचालकांना लेखी पत्र पाठवावे. त्यात त्या रात्रीच्या वर्तनाबद्दल क्षमा मागावी, ती पंचांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी आणि दोन सामन्यांची बंदी मान्य असल्याचे लिहावे. फाउलचा उल्लेख त्यात एका शब्दानेही नको. ‘तरीसुद्धा’ या शब्दाने सुरू होणारे एकही वाक्य नको. धरून ठेवण्याच्या प्रसंगाची चित्रफीत असेल तर ती प्रशिक्षकाकडे असू द्या. अनेक राज्यांत प्रशिक्षक पंचांचे मूल्यमापन करतात आणि अशा चित्रफिती योग्य ठिकाणी पाठवतात. ते पाठवायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

मुलाशी बोलण्याची सुरुवात वडिलांनी करावी, तुम्ही मध्यस्थी करू नये. त्यांनी त्याला एन्क्रोचमेंटचा नियम समजावून सांगायला सांगावे. बचावफळीत खेळणाऱ्या मुलाला तो पाठ असतो, आणि वडिलांना शिकवण्याची संधी त्याला आजवर फारशी मिळाली नसावी. बंदीच्या काळातले दोन सामने शाळेने थेट दाखवले तर घरी बसून पाहा, आणि पहिला क्वार्टर चेंडूकडे न पाहता फक्त अंपायरकडे पाहा. मुलगा परत आला की त्याला विचारा, पंचांनी आज हात आत ठेवायला कोणाला सांगितले.