गाडीतून उतर

रविवारी फोनवर तू दोनदा म्हणालीस, "काका, या अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये काहीच नाही हो." नोकरी बरी, भाडं परवडतं, पण काहीच नाही, म्हणून डॅलसला जाऊ का? जा की. गणपतीला ढोलताशे तरी ऐकशील. माझा राग डॅलसवर नाही, त्या 'काहीच नाही'वर आहे. वर्षभरात पाहिलंस काय? ऑफिस, वॉलमार्ट आणि हायवेवरून दिसतं ते उभं रॉकेट.

अगं, ती प्रतिकृती आहे! चांद्रमोहिमांसाठीचं खरं सॅटर्न पाच रॉकेट शेजारच्या इमारतीत आडवं ठेवलंय, ३६३ फूट लांब. त्याच्या पाच इंजिनांखाली उभं राहायचं तर गाडीतून उतरावं लागतं.

मीही वर्षानुवर्षं उतरलो नव्हतो, म्हणून बोलतोय. आई एका हिवाळ्यात इथे राहायला आली होती. मी तिला घर, देऊळ, दुकान एवढंच फिरवलं, सगळं काचा लावून. एकदा मागच्या अंगणात ती कपडे वाळत घालत होती, वरून घशातल्या घशात घोळवल्यासारखा आवाज करत थवा गेला. "कसले रे हे पक्षी?" मी फोनमधून मान वर न काढता म्हणालो, "बगळे असतील."

बगळा उडताना मान मुडपतो. हे मान ताठ पुढे काढून, पाय मागे सोडून उडत होते. क्रौंच होते ते, सँडहिल क्रेन. राखाडी, चार फुटांचे, कपाळावर कुंकवासारखा लाल पट्टा. डिकेटरजवळच्या व्हीलर अभयारण्यात हजारोंनी हिवाळा काढतात. आमच्या घरापासून अर्धा तास! अभयारण्य १९३८ पासूनचं, माझ्याच डोळ्यांवर झापडं. रोज रामायण वाचणारी बाई ती, आणि मी तिला 'बगळे' सांगितलं. हे मला कळलं तेव्हा आई नव्हती.

तेव्हापासून मी हट्टी झालो. अलाबामातल्याच एंटरप्राइझ नावाच्या गावाला गेलो, पाच तास गाडी हाकत. कापसाची बोंडं फस्त करणाऱ्या सोंडकिड्याचं स्मारक आहे तिथे, १९१९ सालचं. त्याच्यामुळे शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि तरले, म्हणून कृतज्ञता! आमच्या अकोल्यात कुणी बोंडअळीचं स्मारक सुचवून बघावं. परतताना रस्त्याकडेला एका म्हाताऱ्याच्या मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकळत होत्या. टरफल दाताखाली फोडलं, खारट पाणी मनगटापर्यंत ओघळलं. थेट घरच्या शेंगा. गाडीतून उतरलो नसतो तर तो पेट्रोलपंपाशेजारचा आणखी एक तंबू होता, बस.

तुझी काकू म्हणते, मी न्यूजर्सीची नोकरी नाकारली त्याला कारण होतं घराचं कर्ज आणि माझी भीती. पक्षी नंतर चिकटवलेत. असेल. भीतीपोटी राहिलेल्या माणसालाही क्रौंच दिसतात. आणि तिकडे गेलो असतो तर तिथेही काचा वरच ठेवल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. तूही डॅलसला तेच करशील, म्हणून चिडतोय.

मार्चपर्यंत पक्षी निघून जातील. या शनिवारी आठ वाजता व्हीलरच्या दारात ये. काचेआड बसून बघायची सोय आहे, तिथे मला शोधू नकोस. मी बाहेर असेन. कानटोपी आण, चहाचा थर्मास मी आणतो. आणि डॅलसवाल्यांना सोमवारपर्यंत काही कळवू नकोस.

काका