‘एकसामयिक’मधला समय घड्याळातला नव्हे

प्रश्न असा: दोन अज्ञात संख्या शोधायला जोडीने मांडलेल्या दोन समीकरणांना दहावीतली मुलं ‘एकसामाईक समीकरणं’ म्हणतात, पुस्तकात ‘एकसामयिक’ आहे. बरोबर काय?

पुस्तकातलं. सामाईक विहीर असते, सामाईक बांध असतो. जालन्यापासून नांदेडपर्यंत शिकवणीवर्गांत हे ‘एकसामाईक’ ऐकून कान किटले.

पण त्याहून मोठी चूक शब्द बरोबर उच्चारणारेच करतात. ‘एकसामयिक म्हणजे एकाच वेळी सोडवायची’ असं फळ्यावर लिहून देतात. एकाच वेळी कोण सोडवतं? आधी एका चलाचा, म्हणजे अज्ञात संख्येचा, लोप, मग दुसऱ्याची किंमत.

‘समय’ हा सम् + इ, म्हणजे एकत्र येणे, यातून झाला. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश त्याचे पाच अर्थ देतो: शपथ, आचार, काल, सिद्धान्त आणि संविद्. संविद् म्हणजे करार! ‘कविसमय’ म्हणतो तेव्हा आपण कवीची वेळ विचारत नाही, कवींमध्ये ठरलेला संकेत सांगतो. म्हणून माझं ठाम मत: एकसामयिक म्हणजे एकाच कराराने बांधलेली समीकरणं. हिंदीतल्यासारखं ‘युगपत्’ घ्या म्हणणाऱ्यांनी त्यातलं युग, म्हणजे आपलं जू, तरी ओळखावं. तिथेही दोघांच्या मानेवर एकच लाकूड आहे. ‘वेळ’ धरून बसणाऱ्या शब्दकोशांना हे सुचू नये, याचं नवल वाटतं.

करार मोडला की शाब्दिक उदाहरण कसं फसतं ते मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, पाहा. 2 क्विंटल तूर आणि 3 क्विंटल सोयाबीनचे 27,500 रुपये झाले. त्याच भावाने तुरीचे 50 किलोचे 6 कट्टे आणि 2 क्विंटल सोयाबीन यांचे 30,000. पोरं लिहितात ‘क्ष = तूर, य = सोयाबीन’. मग 2क्ष + 3य = 27,500 आणि 6क्ष + 2य = 30,000. उत्तर येतं क्ष = 2,500, य = 7,500. दोन्ही समीकरणांत ताळा बिनचूक जुळतो, आणि तूर सोयाबीनच्या तिसऱ्या हिश्शाने विकली जाते! पहिल्या ओळीतला क्ष क्विंटलचा, दुसऱ्यातला कट्ट्याचा. समय मोडला.

‘तुरीचा दर क्विंटलला क्ष रुपये’ असं पूर्ण वाक्य लिहिलं असतं तर 6 कट्टे म्हणजे 3 क्विंटल हे आपोआप सुचलं असतं: 3क्ष + 2य = 30,000. इथे सहगुणक, म्हणजे क्ष आणि य यांच्या आधीचे आकडे, अदलाबदल झालेले आहेत, तेव्हा गुणाकार करत बसू नये. बेरीज करून 5 ने भागा, क्ष + य = 11,500. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, क्ष − य = 2,500. तूर 7,000, सोयाबीन 4,500. ताळा समीकरणात नाही, उदाहरणाच्या वाक्यात घालायचा: 6 कट्ट्यांचे 21,000, सोयाबीनचे 9,000.

वयाच्या उदाहरणांत हेच होतं. क्ष आजचं वय धरलं, तर पाच वर्षांपूर्वीच्या वाक्यात मुलगा आणि वडील दोघांच्याही वयातून 5 वजा व्हायला हवेत. निम्मी मुलं मुलाचेच करतात.