पोल्ट्रीचा वास आणि अमोनियाचा आकडा

प्रश्न : घरापासून दीडशे मीटरवर बारा हजार पक्ष्यांची पोल्ट्री चौदा महिन्यांपासून सुरू आहे. बॅच निघाली की कोंबडखत उघड्यावर टाकतात आणि पहाटे घरात बसवत नाही. खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात अमोनिया २१० आला, मर्यादा ४०० आहे. शेडमालक तोच अहवाल पुढे करतो. काय करावे?

उत्तर : तो अहवाल आपल्याला वाटतो तितका प्रतिकूल नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे. पहाटे दोन तास हवेत २००० आणि उरलेले बावीस तास ५० इतका अमोनिया असला, तरी सरासरी २१२ च भरते. शिवाय ओल्या लिटरचा (शेडमध्ये अंथरलेल्या भुशाचा) आणि मेलेल्या पक्ष्यांचा वास केवळ अमोनियाचा नसतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतो.

मुळात उपद्रवाचा कायदा आकड्यावर अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीचे कलम १३३), एखादा व्यवसाय वस्तीच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधक ठरत असेल, तर प्रांताधिकारी तो बंद किंवा नियंत्रित करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. शेडमालकाने हरकत घेऊन चौकशी लागली, तर कलम १५८ प्रमाणे स्थळपाहणी करवता येते आणि तज्ज्ञाची साक्षही घेता येते. अर्ज चार-पाच घरांनी मिळून करावा, कारण एकट्याचा अर्ज शेजाऱ्यांचे भांडण समजून बाजूला ठेवला जातो. सोबत नोंदवही जोडावी : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, त्या दिवशी शेडमध्ये काय चालले होते. वास आला नाही, ते दिवसही प्रामाणिकपणे लिहावेत. वही त्यानेच विश्वासार्ह ठरते.

पाच हजारांहून अधिक पक्षी असल्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तिची प्रत माहिती अधिकारात मागवावी. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४ ची सहा महिन्यांची मुदत मात्र वादाचे कारण ‘प्रथम’ घडल्यापासून मोजतात, त्यामुळे तो मार्ग आपल्याला कठीण आहे. कलम १५ खालील भरपाईला पाच वर्षे मिळतात.

बॅच कधी निघणार हे गावात सर्वांना ठाऊक असते. प्रांतांकडील अर्जात ती तारीख लिहून त्याच सुमारास पाहणी मागावी, नाहीतर पाहणीला येणाऱ्यांना धुऊन वाळवलेले शेड दाखवले जाईल.