आमच्याकडे ओके, कस्टमरकडे रिजेक्ट: मशीन शॉपवाल्यांचे प्रश्न

ऑटोचे पार्ट बनवणाऱ्या छोट्या शॉपमधून परत तेच प्रश्न आलेत, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतोय.

प्रश्न: एजंट आठ दिवसांत आयएसओ ९००१ (क्वालिटी मॅनेजमेंटचं स्टँडर्ड) सर्टिफिकेट देतो म्हणतोय. घ्यावं का?

नका घेऊ. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते सर्टिफिकेशन बॉडी देते, आणि त्या बॉडीकडे एनएबीसीबीसारख्या (सर्टिफिकेशन बॉडींना मान्यता देणारी भारतातली संस्था) संस्थेची मान्यता असायला हवी. ऑडिटरने शॉपमध्ये पाऊलही न ठेवता हातात आलेला कागद म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. पैसे द्यायच्या आधी कोणाचं सर्टिफिकेट चालतं ते कस्टमरला विचारून घ्या.

प्रश्न: रिजेक्शनच्या लाल बिनची चावी प्रॉडक्शन सुपरवायझरकडे ठेवली तर चालेल का?

नाही. क्वालिटीकडेच.

प्रश्न: पहिला पीस ओके झाला की लॉटभर (एका खेपेतले सगळे पीस) परत बघायला हवं का?

हवं, टूल झिजतं. किती पिसांनी बघायचं ते कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशाने, किती वेळा तपासायचं याचा कागद) असतं, नसेल तर कस्टमरशी बोलून ठरवा.

प्रश्न: शाफ्टचा डाया २५ ± ०.०२ मिमी आहे. व्हर्नियरचं (जबड्यात धरून मोजायचं साधन) कॅलिब्रेशन (लॅबमधली तपासणी) झालंय, तरी कस्टमरकडे अंडरसाइज (मापापेक्षा बारीक) निघतो. शेजारचे म्हणतात त्यांचंच इन्स्ट्रुमेंट चुकीचं असणार.

शेजारच्यांचं सोडा. तुमचा पूर्ण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०४ आणि साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२, म्हणजे सगळी ओके-रिजेक्टची भानगड फक्त दोन घरांत! टॉलरन्सच्या निदान एक दशांश इतकं बारीक दिसायला हवं, म्हणजे इथे ०.००१ वाचणारा मायक्रोमीटर लागतो. आणि कॅलिब्रेशन झालं म्हणजे मोजमाप बरोबर आलं हा समज डोक्यातून काढा, ते सर्टिफिकेट लॅबमध्ये २० डिग्रीला त्या इन्स्ट्रुमेंटची एरर किती होती एवढंच सांगतं, तुमचा ऑपरेटर व्हर्नियरचा जबडा किती जोरात दाबतो आणि जॉब किती गरम आहे ते त्यात नसतं. स्टीलचा जॉब मशीनवरून ५० डिग्रीला निघाला तर २० ला येईपर्यंत २५ चा डाया साधारण ८-९ मायक्रॉन (०.००८-०.००९ मिमी) आकसतो, तुम्ही गरम असताना खालच्या लिमिटवर ओके केलेला शाफ्ट कस्टमरच्या एसी रूममध्ये अंडरसाइजच निघणार. जॉब थंड करून, पुसून मोजा. मग गेज आर अँड आर (साधन आणि ऑपरेटरमुळे मोजमापात किती फरक पडतो त्याची चाचणी) करा: १० पीस, ३ ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक पीस २-३ वेळा मोजायचा, आणि आधी काय रीडिंग आलं ते त्याला दाखवायचं नाही. मोजमापामुळे पडणारा फरक १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर त्या मोजमापावर एकही लॉट पास करू नका. आकडे घरी बसून भरणारे खूप आहेत, तसं केलंत तर फसवणूक स्वतःचीच. पहिल्या वेळी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा किंवा अनुभवी मेट्रोलॉजीवाल्याचा (मोजमापातला जाणकार) सल्ला घ्याच.

प्रश्न: कंप्लेंट आलीय. रूट कॉज सापडल्यावर कळवलं तर चालेल ना?

अजिबात नाही, आजच कळवा! आधी माल अडवा, शॉपमधला, रस्त्यातला, कस्टमरच्या स्टोअरमधला, सगळा. कारण नंतर शोधा, आणि ‘ऑपरेटरला समज दिली’ हे कारण म्हणून लिहू नका, मशीनने किंवा पद्धतीने ती चूक होऊ का दिली ते लिहा. अडवलेल्या मालाचं स्वतःच्या मनाने रिवर्क (दुरुस्तीचं काम) मात्र करू नका, कस्टमरच्या सप्लायर क्वालिटी इंजिनिअरशी बोला आणि परवानगी लेखीच घ्या.