तांब्याच्या रेषेला पडलेली खाच

सोलापूरहून एमएस्सी करणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: लेसरने ठिणगी (प्लाझ्मा) पाडून तिच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखायच्या तंत्रात (LIBS) एनडी-याग लेसरची १०६४ नॅनोमीटरची पल्स तांब्याच्या पट्टीवर मारली, तर वर्णपटात तांब्याच्या ३२४.७ नॅनोमीटरच्या रेषेच्या ऐन टोकाला खाच पडते आणि बोल्ट्झमन आलेखातून (रेषांची तीव्रता आणि त्यांच्या वरच्या पातळीची ऊर्जा यांचा आलेख, उतारावरून तापमान कळतं) ठिणगीचं तापमान भलतंच जास्त निघतं. पुढे मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत पोटॅशियम बघायचंय. यंत्र बिघडलंय का?

यंत्राला हात लावू नका, ते खरं तेच दाखवतंय. खाच आणि जास्तीचं तापमान, दोन्हींचं मूळ एकच आहे.

ठिणगीचा गाभा तापलेला असतो, कडेला मात्र तुलनेने थंड वाफेचं कवच असतं. ३२४.७ आणि ३२७.४ या दोन्ही रेषा तांब्याच्या अणूच्या तळपातळीवर (सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेवर) उतरतात. कवचातले बहुतेक अणू नेमके त्याच पातळीवर बसलेले असतात, त्यामुळे गाभ्यातून निघालेला प्रकाश ते वाटेतच गिळतात. गाभ्यात इलेक्ट्रॉनांची गर्दी असल्याने रेषा रुंदावलेली असते, कवचाचं शोषण मात्र अरुंद. म्हणून कडा शाबूत राहतात आणि मधोमध खड्डा पडतो.

आता तापमान. या दोन रेषांच्या वरच्या पातळ्या साधारण ३.८ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहेत, म्हणजे आलेखात त्या डावीकडे येतात. प्रकाश गिळला गेल्याने तिथले बिंदू खाली बसतात, उतार कमी होतो आणि उतार कमी म्हणजे तापमान जास्त. अशा आलेखावर सरळ रेषा कितीही छान बसली तरी त्या आकड्यावर माझा विश्वास बसणार नाही.

खाच दिसत नसेल तरी शोषण चालू असू शकतं, आणि ते ओळखायची सोपी खूण आहे. शोषण नसेल तर ३२४.७ ची तीव्रता ३२७.४ च्या सुमारे दुप्पट असायला हवी. दोन्ही रेषा इतक्या जवळ आहेत की डिटेक्टरच्या संवेदनशीलतेचा फरक जवळपास नसतोच. गुणोत्तर २ वरून १ कडे सरकलं की समजायचं. शिखराची उंची नको, रेषेखालचं क्षेत्रफळ घ्या.

तापमानासाठी ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ या हिरव्या रेषा घ्या. पहिलीची वरची पातळी ३.८ च्या आसपास, उरलेल्या दोघींची ६.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, त्यामुळे उतार काढायला पुरेसं अंतर मिळतं. ५१०.६ ची संक्रमण-संभाव्यता (अणू दर सेकंदाला तो प्रकाश सोडण्याची शक्यता) ३२४.७ च्या तुलनेत सुमारे ७० पट कमी आहे, म्हणून तिला शोषणाची झळ फार कमी लागते.

डिले, म्हणजे पल्सनंतर किती वेळाने मोजणी सुरू होते, तो किती ठेवलाय ते तुम्ही लिहिलं नाही. पहिले काहीशे नॅनोसेकंद वर्णपटावर अखंड पार्श्वभूमीच पसरलेली असते. तेव्हा साधारण १ मायक्रोसेकंदापासून सुरुवात करून बघा. गेट (ठरावीक काळापुरताच प्रकाश आत घेणारी सोय) नसलेला साधा सीसीडी स्पेक्ट्रोमीटर असेल तर तो पल्सपासून विझेपर्यंतचा सगळा प्रकाश गोळा करतो. मग निघणारं तापमान सरासरीचं, आणि अहवालात तसंच लिहायला हवं.

बोल्ट्झमन किंवा मेघनाद साहांचं १९२० चं आयनीभवनाचं समीकरण लावण्याआधी प्लाझ्मा स्थानिक समतोलात आहे का, म्हणजे त्याला जागोजागी एक ठरावीक तापमान लावता येतं का, तेही बघा. १०,००० केल्विन आणि ३.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फरकासाठी मॅकव्हर्टर निकषानुसार (समतोलासाठी किमान किती इलेक्ट्रॉन हवेत हे सांगणारा नियम) घनसेंटिमीटरला सुमारे १०चा १६वा घात इतके इलेक्ट्रॉन हवेत. ही घनता हायड्रोजनच्या ६५६.३ च्या रेषेच्या स्टार्क रुंदीवरून (इलेक्ट्रॉनांच्या गर्दीमुळे आलेल्या रुंदीवरून) काढता येते. पण निकष पुरा झाला म्हणजे समतोल सिद्ध झाला असं नाही, ही किमान अट आहे.

एक आवर्जून सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक ओळखलं, ते याच तंत्राने. तिथे हवा नाही, प्लाझ्मा झपाट्याने पसरतो. तुमच्या टेबलावर हवेचा दाब त्याला कोंडून धरतो, म्हणून त्यांचे आकडे आणि तुमचे आकडे शेजारी ठेवू नका.

मातीकडे वळाल तेव्हा हीच गुणोत्तराची परीक्षा कामी येईल. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, त्यामुळे कॅल्शियमच्या ३९३.४ आणि ३९६.८ या रेषा दणकट येतील, पण त्यांतही शोषण असणार. पोटॅशियमच्या ७६६.५ आणि ७६९.९ चं गुणोत्तरही २ च्या जवळ हवं. ते घसरलं तर मातीत पोटॅशियम नसलेली पावडर मिसळून नमुना पातळ करा, पुन्हा गोळी दाबा आणि गुणोत्तर सावरेपर्यंत प्रमाण ठरवू नका. १०६४ चा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्याच तरंगलांबीचा गॉगल घातल्याशिवाय लेसर चालू करू नका.