नुसत्या नोटिशीवर बातम्यांची साइट बंद केली, तर?

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातून बातम्यांची वेबसाइट चालवतो. परभणीच्या एका पतसंस्थेत ठेवी अडकल्या आहेत. त्यावर लेखापरीक्षण अहवालाच्या आधारे बातम्या दिल्या, एकीचे शीर्षक ‘ठेवीदारांना लुटणारा अध्यक्ष’. अध्यक्षांच्या वकिलाने ५ कोटींच्या अब्रूनुकसानीची नोटीस मला पाठवली, प्रत माझी साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीला. कंपनीने लगेच खाते बंद केले. सगळ्या जुन्या बातम्या आत अडकल्या. पोलीस ठाण्यातूनही ‘भेटून जा’ म्हणून फोन आला. मित्र म्हणतो, ‘विकिलीक्ससारखं सर्व्हर परदेशात टाक, मग कोन काय वाकडं करतंय?’ काय करावे?

उत्तर : गोपनीय कागदपत्रे छापणाऱ्या विकिलीक्स या साइटची तुमच्या मित्राला अर्धीच गोष्ट माहीत दिसते. २००८ च्या फेब्रुवारीत ज्युलियस बेअर या स्विस बँकेने कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाकडून विकिलीक्सचे डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, बंद करवले. दोनच आठवड्यांत न्यायाधीशांनी तो आदेश मागे घेतला. पुढे अमेरिकी दूतावासांचे गोपनीय संदेश फुटले. १ डिसेंबर २०१० ला ॲमेझॉनने साइट आपल्या सर्व्हरवरून काढली. पाठोपाठ डोमेनची सेवा देणाऱ्या कंपनीने हात वर केले, आणि पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा यांनी देणग्या अडवल्या. या डिसेंबरातल्या पळापळीत ॲमेझॉनपुढे न्यायालयाचा आदेश नव्हता. त्यांनी बोट ठेवले ते स्वतःच्या सेवाशर्तींवर. उलट, विकिलीक्सच्या देणग्या स्वीकारणाऱ्या डेटासेल कंपनीने आइसलँडमध्ये कार्ड-व्यवहार पाहणाऱ्या व्हॅलिटरवर दावा लावला, तो एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला. मुद्दा एवढाच होता, की व्हॅलिटरने करार मोडला.

आपल्याकडेही हे घडले आहे. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारेंचे मुंबईत उपोषण सुरू असताना व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांची साइट मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेकडे गेलेल्या तक्रारीवरून बंद झाली. बीडमध्येही त्यांच्याविरुद्ध तक्रार गेली होती. त्यांच्यावर राजद्रोहाचे कलमही लागले. ते लावताना पोलिसांनी काय पाळावे, हे मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रकरणातून सांगितले, पण २०१५ मध्ये. तोवर त्रिवेदींनी चित्रे दुसऱ्या ठिकाणी चढवली होती. तुम्हीही तेच करा. हक्काचा वाद सावकाश चालू द्या.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात होस्टिंग कंपनी ‘मध्यस्थ’ ठरते. श्रेया सिंघल प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या कलम ७९ चा (दुसऱ्याच्या मजकुरासाठी मध्यस्थाला जबाबदार न धरण्याचे संरक्षण) अर्थ लावला : न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्याशिवाय मजकूर काढला नाही, म्हणून मध्यस्थाचे संरक्षण जात नाही. वकिलाची नोटीस म्हणजे आदेश नव्हे. पण इथे बरेच जण फसतात. या निकालाने कंपनीवर मजकूर काढण्याची सक्ती राहत नाही. तिने स्वतःहून काढू नये, असे मात्र तो म्हणत नाही. तिथे तुमचा आणि तिचा करारच बोलतो. म्हणून ‘मला मान्य आहे’वर न वाचता टिचकी मारली होती, त्या सेवाशर्ती आज वाचा. पूर्वसूचना द्यायची होती का? डेटा किती दिवस ठेवणार? मग ईमेल करा : खाते बंद ठेवायचे तर ठेवा, पण माझा पूर्ण बॅकअप आठ दिवसांत द्या, आणि कोणत्या शर्तीखाली बंद केले ते लेखी कळवा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे, हेही बघा. आपल्याकडे साइट बनवून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो आणि मालकाला पत्ताच नसतो. नाव तुमच्या ताब्यात असेल तर साइट दुसऱ्या सर्व्हरवर उभी करायला वेळ लागत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक आयोग आहे. साइट हा तुमचा स्वयंरोजगार असेल तर तुम्ही ग्राहक ठरता, आणि तक्रार परभणीतच करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मात्र शर्तच अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल तर ते प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावे लागते.

परदेशात सर्व्हर नेणे बेकायदा नाही. पण दावा सर्व्हरवर नाही, तुमच्यावर होणार आहे, आणि तुम्ही जिंतुरात आहात.

पोलिसांचे काय? अब्रूनुकसानी (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कशासाठी बोलावले, ते लेखी मागा. मला खरी भीती दुसऱ्याच कलमाची वाटते. बातमी येण्याआधी किंवा नंतर त्या अध्यक्षांकडे, त्यांच्या एखाद्या गुत्तेदाराकडे दिवाळी अंकाची जाहिरात मागितली होती का? व्हॉट्सॲपवर ‘साहेब, आमच्याकडेही लक्ष असू द्या’ असे काही? त्याच मेसेजवर खंडणीचा गुन्हा दाखल करायला निघतात. असेल तर वकिलाला आधी तेच सांगा, आणि काहीही पुसू नका. पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतोच.

बातम्यांवर एकतर्फी मनाई येऊ नये म्हणून परभणी आणि जिंतूर, दोन्हीकडच्या दिवाणी न्यायालयांत कॅव्हेट (‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज) लावा. ती ९० दिवस टिकते, मग नवी लावा. सुनावणी झालीच, तर ब्लूमबर्ग विरुद्ध झी (मार्च २०२४) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा : खटला चालण्याआधीच लेखावर बंदी सरसकट घालू नये.

अहवालाची प्रमाणित प्रत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडून काढून ठेवा. माहिती अधिकारातून मिळाली असेल तर पाकिटासकट जपा. आणि नव्या सर्व्हरवर चढवताना ते शीर्षक बदला. अहवालात ‘अनियमितता’ लिहिले असेल, तर ‘लुटणारा’ हा शब्द तुमचा झाला, तो तुम्हालाच सिद्ध करावा लागेल. अध्यक्षांची बाजू घेतली नसेल तर आजच ईमेलवर विचारा. उत्तर आले तर छापा, नाही आले तर तसे छापा.