डिस्कच्या दुखण्यातून कुत्रा चालायला लागलाय, तरी सहा आठवडे पिंजऱ्यातच ठेवायचा का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा ५ वर्षांचा डॅशहंड ११ दिवसांपूर्वी अचानक कण्हायला लागला, मागचे पाय लटपटायला लागले. डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि ६ आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. आता तो छान उभा राहतोय, शेपूट हलवतोय, रात्रभर पिंजऱ्याच्या दारावर पंजे मारतोय. घरातले म्हणतायत, ‘बिचाऱ्याला कशाला कोंडून ठेवता?’ मग सोडला तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही. सोडू नका. त्याला बरं वाटायला लागलंय म्हणून तर मुळीच सोडू नका.

इतक्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्या गुंडीला मी ९व्या दिवशी सोडलं होतं.

तीही डॅशहंडच, तेव्हा ६ वर्षांची. २०२१चा जुलै, पुण्यात पावसाची रिपरिप चालू होती. एका सकाळी ती पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहिली, पोट हाताला दगडासारखं घट्ट लागत होतं. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय. दोन वेळा जेवण बंद ठेवलं, दहीभात दिला. तिसऱ्या दिवशी उचलायला गेले तर अशी किंचाळली की माझे हात थरथरायला लागले. दुखणं पाठीचं होतं, पोट ती आवळून धरत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चालतेय पण झोकांड्या जातायत, म्हणजे दुसरी पायरी. या आजाराच्या पाच पायऱ्या धरतात: नुसतं दुखणं, लटपटत चालणं, चालता न येणं पण पाय हलणं, पाय अजिबात न हलणं, आणि शेवटी पायातली खोलवरची संवेदनाही जाणं. गोळ्या आणि पिंजरा सुरू झाला.

आठवड्याभरात गुंडी पहिल्यासारखी झाली. डोळे तेच, हट्ट तोच. सासूबाई रोज म्हणायच्या, “अगं, किती केविलवाणी बघते, जरा तरी बाहेर काढ.” रविवारी दुपारी दार उघडलं. मी शेजारीच सतरंजीवर बसले होते, म्हटलं नजरेसमोर आहे, काय होणार आहे. तेवढ्यात बेल वाजली. ती दाराकडे धावली, गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरले आणि कंबर एका बाजूला वळली. ओरडलीसुद्धा नाही. संध्याकाळी मागचे पाय फाकवून बसली होती, उठेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाखालची चादर ओली होती आणि ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत माझ्याकडे येत होती. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर. बेल वाजल्यापासून अठरा-वीस तासांत.

असं का होतं, ते कळलं की पिंजरा क्रूर वाटत नाही. दोन मणक्यांच्या मधली चकती म्हणजे उकडीचा मोदक समजा. बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. डॅशहंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग, शित्झू, कॉकर स्पॅनियल, ल्हासा अशा जातींमध्ये हे सारण लहानपणापासूनच सुकत जातं आणि त्यात कॅल्शियम साचून ते चुन्यासारखं भुसभुशीत होतं. पारी वरच्या बाजूला, म्हणजे जिथून मज्जारज्जू जातो तिथेच पातळ असते. एक दिवस तिथे ती फाटते आणि सारण वर उडून मज्जारज्जूवर आदळतं. मज्जारज्जू हाडाच्या नळीत असतो, त्याला सरकायला जागा नाही. तो दबतो, सुजतो, मागच्या पायांकडे जाणारे निरोप अडकतात.

गोळ्या सूज आणि दुखणं कमी करतात. पारीला पडलेलं भोक गोळ्या बुजवत नाहीत. ते शरीर आपलं आपण बुजवतं, तिथे हळूहळू चिवट ऊती भरते आणि त्याला काही आठवडे लागतात. तुमचा कुत्रा आज ११व्या दिवशी नेमका सगळ्यात नाजूक टप्प्यावर आहे: दुखत नाही म्हणून तो उडी मारायला तयार आहे, आणि भोक अजून ओलं आहे. त्यातून आणखी सारण बाहेर आलं तर पहिल्यापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली या आजारावर एकमताने सूचना काढल्या, त्यात शस्त्रक्रिया न करता उपचार करायचे तर हालचालीवर किमान ४ आठवडे बंदी सांगितली आहे. तुमच्या डॉक्टरांनी ६ सांगितले असतील तर ते ६च धरा.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका. ‘मी त्याला सोफ्यावर चढू दिलं म्हणून झालं’ असं तुमच्या प्रश्नात एका ओळीत आलंय. आखूड पाय देणाऱ्या एका जनुकाची जास्तीची प्रत या जातींमध्ये असते, आणि चकत्या लवकर सुकण्याशी तिचा संबंध आहे हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. ते सारण त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीच सुकायला लागलं असणार. सोफा हे निमित्त. मी स्वतः कितीतरी रात्री याच विचाराने जागून काढल्यात, म्हणून लिहितेय.

आता पिंजऱ्याचं. त्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, पण दोन पावलं पळता येता कामा नये. आमचा लोखंडी घडीचा होता. ‘खोलीत बंद ठेवतो’ याला विश्रांती म्हणत नाहीत, खोलीत तो फेऱ्या मारतो, पलंगावर चढतो. तळाला घट्ट गादी घाला. फार मऊ उशी नको, पाय रुततात आणि कंबर डुगडुगते. त्यावर जुन्या सुती साडीची गोधडी. पावसाळ्यात काही वाळत नाही, म्हणून आम्ही चार गोधड्या फिरवत होतो. पिंजरा बेडरूममध्ये एकटा ठेवू नका. आम्ही दिवसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायचो, भाजी निवडताना मी त्याला टेकून बसायचे. निम्मं रडणं तिथेच थांबलं. रात्री माझ्या अंथरुणाशेजारी, जाळीतून दोन बोटं आत. वर चादर टाकून तीन बाजू झाकल्या की कुत्री लवकर शांत होतात. एवढं करूनही तो जाळीवर धडका देत असेल, गोल गोल फिरत असेल, तर तीही हालचालच झाली. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, शांत ठेवणारी औषधं असतात आणि ती देण्यात काही गैर नाही.

दाराची बेल बंद करा. बॅटरी काढा, दारावर चिठ्ठी लावा, दूधवाल्याला फोन करायला सांगा. आम्ही हे गुंडी दुसऱ्यांदा पडल्यावर केलं.

बाहेर काढायचं ते फक्त शी-शू करायला, दिवसातून चार-पाच वेळा, पाच मिनिटं. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला. जिना तुम्ही त्याला उचलून उतरायचा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून मागचं अंग लोंबू देऊ नका, मुलं हमखास तसंच उचलतात. खाली ठेवल्यावर पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून, एक ओढणी घालून दोन्ही टोकं हातात धरा. वजन तोलण्यापुरतीच, पाय अधांतरी होतील इतकी उचलू नका. दगडी फरशी, टाइल्स, ओला जिना, सगळं टाळा. माती किंवा गवत शोधा. घरात पिंजऱ्यापासून दारापर्यंत आम्ही काथ्याची पायपुसणी एकापुढे एक अंथरली होती.

लघवीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. पाय जातात तसा मूत्राशयावरचा ताबाही जाऊ शकतो. मूत्राशय गच्च भरतं आणि भरून वाहतं. आपण ओली चादर बघतो आणि म्हणतो, ‘बरं झालं, शू तरी होतेय.’ ती होत नसते, सांडत असते. मीही पहिले दोन दिवस तेच समजले आणि गुंडीला जंतुसंसर्ग झाला, लघवीला कुबट वास यायला लागला तेव्हा कळलं. असं असेल तर दिवसातून तीन-चार वेळा हाताने लघवी काढावी लागते. तिला उभं धरून दोन्ही तळहात पोटाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे ठेवायचे. आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतं, भरलं असेल तर मोसंब्याएवढं. बोटांनी टोचायचं नाही, सपाट हातांनी सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. धार सुरू झाली की दाब तसाच ठेवायचा. पहिल्यांदा मला वीस मिनिटं लागली आणि आम्ही दोघी घामाघूम झालो. आठवड्याभरात दोन मिनिटांत व्हायचं, ती मान वळवून माझं मनगट चाटायची. तुमचा कुत्रा चालतोय, म्हणजे बहुतेक ही वेळ येणार नाही. पण त्याची लघवी धारेने होते की ठिबकते, हे रोज बघा.

औषधांचं थोडक्यात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांबरोबर घरातली माणसांची दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या पोटात आणि मूत्रपिंडांत घातक ठरतात. स्टेरॉइड आणि दाह कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या एकत्र चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आधीची चिठ्ठी घेऊन जा. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करा. आणि कुणी कितीही सुचवलं तरी तेल लावून पाठ चोळून घेणं, ‘मणका बसवून घेणं’ नको. आमच्या शेजारच्या काकांनी अगदी मायेने एका माणसाचं नाव सुचवलं होतं. जिथे सारण बाहेर आलंय तिथे दाब देणं म्हणजे काय, ते वर लिहिलंच आहे.

कधी थांबायचं नाही, तेही सांगते. पाय आणखी लटपटायला लागले, उभं राहणं बंद झालं, पाय अजिबात हलेनासे झाले, तर सकाळची वाट बघू नका. एक फसवणारी गोष्ट लक्षात ठेवा: बोट चिमटल्यावर त्याने पाय आखडून घेतला म्हणजे त्याला कळलं असं नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. त्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, तरच ते दुखणं मेंदूपर्यंत पोहोचलं. ही परीक्षा डॉक्टरांनाच करू द्या. ती संवेदना गेली असेल तर पिंजऱ्याच्या भरवशावर राहायची वेळ संपली. तेव्हा शस्त्रक्रिया लवकरात लवकर हवी, आणि ती करूनही पुन्हा चालणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडंच जास्त आहे. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, एमआरआय किंवा सीटी लागतो, आणि तो सगळीकडे नसतो. म्हणून जनावरांचा एमआरआय तुमच्या जवळ कुठे होतो, रात्री कोण फोन उचलतं, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. चालता येत असलेले कुत्रे मात्र शस्त्रक्रियेशिवाय, औषधं आणि नीट पाळलेल्या विश्रांतीवर बहुतांशी बरे होतात. तुमचा त्यातला आहे.

गुंडीची संवेदना शाबूत होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं सुचवलं, खर्च आणि धोका दोन्ही समजावले, आणि आम्ही रोज तपासणी करत थांबायचं ठरवलं. पिंजऱ्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. १६व्या दिवशी ओढणीत धरलेली असताना तिने उजवा पाय स्वतःहून पुढे टाकला. मी आणि नवरा पावसात सोसायटीच्या मागच्या गवतात उभे होतो, छत्री कुणाच्या हातात होती तेही आठवत नाही. आज ती चालते. डावा पाय ओढते, नखं घासली जातात, सिमेंटवर तिच्या चालण्याचा खर्र खर्र आवाज येतो. त्या रविवारी मी दार उघडलं नसतं तर हा आवाज बहुधा आला नसता.

६ आठवडे झाले की दार एकदम सताड उघडू नका. पहिले काही दिवस हार्नेसला दोरी लावूनच पाच मिनिटं चालणं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवणं, असं आम्हाला सांगितलं होतं. व्यायाम, पाण्यातलं चालणं वगैरे त्यानंतर, डॉक्टर म्हणतील तेव्हा. पलंग-सोफ्यावर चढणं कायमचं बंद, किंवा उतरती फळी लावा. वजन वाढू देऊ नका, पिंजऱ्यात असताना जेवण थोडं कमीच घाला. शी घट्ट होत असेल तर त्यात शिजवलेला लाल भोपळा मिसळा, कुंथताना पाठीवर ताण येतो.

तुमच्या घरी दिवसा कोण असतं ते लिहिलेलं नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना पुढच्या तपासणीला बरोबर न्या. आमच्या सासूबाईंना मी सांगून पटलं नाही, डॉक्टरांनी मणक्यांचा प्लास्टिकचा नमुना हातात दिला तेव्हा पटलं. त्यानंतर पिंजऱ्याच्या दाराला दोरी त्यांनीच बांधली, आणि ती सोडायची असेल तर मलाही आधी त्यांना विचारावं लागायचं.